ग्रीसला लागणारा दाखला

उकंडरावांनी बाजेवर नकाशा पसरला आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर चष्म्याचं घर, पाण्याचा तांब्या, मोबाइल आणि सुपारीचा डबा ठेवला. तरीही वरच्या पंख्याने नकाशाच्या पोटात हवा भरलीच. मधला फुगवटा त्यांनी तळहाताने दाबून धरला.

"हे बघ. तिसऱ्या दिवशी हितून बोटीत बसायचं. तीन घंटे नुसतं पाणीच पाणी. मंग हे बेट. समदी घरं पांढरी आन् दारं निळी."

मंजुळाबाई खाली बसून सुपात तुरीची डाळ निवडत होत्या. त्यांनी मान वर करून बेटाकडे पाहिलं आणि पुन्हा डाळीत लक्ष घातलं.

"आन् हे देऊळ. अडीच हजार वर्षांचं. आपल्या औंढ्याच्या देवळासारखंच, पर ह्याला छप्पर न्हाई."

"छप्पर काहून न्हाई?"

"उडालं असंल कव्हा. तिथं गेल्यावर विचारू." उकंडराव सुपारी शोधू लागले आणि शोधता शोधताच म्हणाले, "शिवप्रसादचा फोन आलता हिंगोलीहून. पासपोर्टाला तुहा शाळेचा दाखला लागतो म्हने."

सुपातला हात जागीच थांबला. मग बाईंनी एक खडा उचलला, निरखून पाहिला आणि तो डाळीचाच दाणा निघाला तरी बाजूला टाकून दिला.

उकंडरावांचं जवळा बाजार या गावी बी-बियाण्यांचं आणि औषधांचं दुकान होतं. आदल्या खरिपात त्यांनी एका कंपनीच्या कपाशीची पाकिटं इतकी खपवली, की कंपनीने खूश होऊन त्यांना आठ दिवसांची ग्रीसची सहल दिली. मे महिन्यात, जोडीनं. दोन हजार पाच सालचा तो जानेवारी होता, पण उकंडरावांच्या अंगात मे कधीच शिरला होता. दुकानात कुणी हरभऱ्यावरच्या अळीचं औषध मागायला आला, तरी त्याला आधी ग्रीस कुठे येतं ते ऐकून घ्यावं लागे. आजवर नवरा-बायकोने मिळून केलेला लांबचा प्रवास म्हणजे तिरुपती. समुद्र दोघांनीही पाहिला नव्हता.

मंजुळाबाईंना जायचं नव्हतं असं कुणी समजू नये. दुपारी घरात कुणी नसलं की त्या तो नकाशा हळूच उघडत आणि निळ्या रंगावरून बोट फिरवत. पण दाखल्याचं नाव निघालं आणि त्यांची पाचावर धारण बसली. कारण तसंच होतं, आणि ते त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

अकरा वर्षांच्या असताना मंजुळाबाईंचं एक लग्न झालं होतं. वडिलांचं गाव सेनगावच्या पलीकडे. तिथे भर उन्हाळ्यात मांडव पडला आणि रिसोडकडचा चौदा वर्षांचा एक मुलगा नवरदेव होऊन आला. तीन दिवस सासरी राहून पोर माहेरी परतली; शहाणी झाली की नांदायला पाठवायची असं ठरलं. श्रावणात निरोप आला, मुलगा तापाने गेला. आईने रडत रडत तिच्या गळ्यातली काळी पोत काढली. वडिलांनी जमीन बटईने लावली आणि बिऱ्हाड डोंगरकड्याला, तिच्या मामाच्या गावी हलवलं. सात वर्षांनी तिथूनच त्यांनी तिला उकंडरावांच्या घरी दिली, कुमारिका म्हणून. त्या घरात पाटाची, म्हणजे आधी एक लग्न झालेली बायको चालली नसती. उकंडरावांच्या आईने सोयरीक ठरताना तीनदा विचारलं होतं, पोरीचं पहिलं काही नाही ना. वडिलांनी भंडारा उचलून शपथ घेतली होती.

तेव्हापासून एकोणतीस वर्षं मंजुळाबाईंनी गावातल्या नवरीमुलींना हळद लावली, ओट्या भरल्या, देवकाला पुढे झाल्या. पहिल्याच लग्नाच्या सवाष्णीचा हात लागावा म्हणून बाया त्यांनाच बोलवत, आणि दर वेळी हळदीच्या वाटीत बोट बुडवताना त्या मनात देवाची माफी मागत.

ही सगळी गोष्ट एकाच ठिकाणी लिहिलेली असणार, याची त्यांना खात्री होती. लग्नानंतर आठवड्याने वडील तिचं शाळेतलं नाव कमी करायला गेले, तेव्हा ती दारात उभी होती. हळद अजून नखांत होती. गुरुजींनी मोठं रजिस्टर उघडून विचारलं, "कारण काय लिहू?" वडील म्हणाले, "लगीन झालं की पोरीचं." गुरुजींनी टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं. शाळा सोडल्याची तारीख आणि शाळा सोडण्याचं कारण, दाखल्यावर दोन्ही शेजारी शेजारी येतात. साल एकोणसत्तर. उकंडरावांनी तिच्या गळ्यात माळ घातली ते साल शहात्तर. हा हिशेब कुणालाही जमला असता.

म्हणून त्यांनी आधी गुडघ्यांचं दुखणं काढलं. उकंडराव म्हणाले, विमानात बसायचंच असतं. मग विमानाची भीती काढली. ते म्हणाले, सेनगावच्या काळीपिवळी जीपच्या टपावर पोरं बसतात ते बघून भीत नाहीस, आणि विमानाला भितेस. मग त्या म्हणाल्या, तुमच्या दोस्ताला घेऊन जा. त्यावर उकंडरावांनी कंपनीचं कार्डच आणून दाखवलं. त्यावर 'सपत्नीक' असं छापलेलं होतं.

सोमवारी दोघं हिंगोलीला शिवप्रसादकडे गेले. पासपोर्टचे अर्ज भरून देणारा हा गडी, टेबलावर तीन फोन आणि तोंडात कायम पान.

"भाभीजी शिकल्या नसतील तर काही टेन्शन नाही," तो म्हणाला. "तहसीलला अॅफिडेव्हिट करू. अंगठा लावला की बात खतम."

"तसंच करा," मंजुळाबाई घाईने म्हणाल्या. "म्या कुठं शिकलेय."

उकंडराव खुर्चीतच वळले. "आगं, काय बोलून राहिली? रोज पेपर कोन वाचून दाखवतं मला? शिवप्रसाद, चौथी शिकलेली हाय ही. माह्या बायकोचा अंगठा लागन का सरकारला?"

"मग दाखलाच आणा, भाऊ. झूठ लिहून दिलं आणि पोलीस चौकशीला आला तर शेजाऱ्याला विचारतो तो." शिवप्रसादने पान गालात सरकवलं. "जन्मतारीख बराबर बघून घ्या. तसं तुमच्याकडं बघायला नको म्हणा. मास्तर लोकांनी सगळा जिल्हा एक जूनलाच जन्माला घातलाय."

उकंडराव खळखळून हसले. ते स्वतः एक जूनचेच होते.

"शाळा तिच्या बापाच्या जुन्या गावची," ते म्हणाले. "म्होरं चिंचेचं झाड व्हतं म्हने. लग्न नवं नवं व्हतं तव्हा सांगायची मला. गुरुवारी जाऊन आनतो."

मंजुळाबाईंना आठवलं. खरंच सांगितलं होतं. नव्या नवरीच्या उमाळ्यात, नको तेवढं.

घरी येताच, उकंडराव दुकानात गेल्यावर त्यांनी डोंगरकड्याला भावाला फोन लावला. त्या पहिल्या लग्नाच्या वेळी नामाजी पाच वर्षांचा होता, पण त्याला सगळं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तो जुन्या गावी जाऊन आला आणि त्याचा फोन आला.

"आक्का, हेडमास्तरला भेटलो. म्हनलं, रजिस्टर वाळवीनं खाल्लं म्हनून सांगा. तो माह्यावरच बिघडला. लोखंडी कपाटात ठिवलंय म्हने, पान आन् पान साबूत."

"मंग आता रं?"

"आता काय? तू तोंडातून ब्र काढू नको. दाजी काय येवढं बारीक वाचत्यात?"

"औषधाच्या डब्यावरचं समदं वाचत्यात ते. लोकायला वाचून दाखवत्यात."

त्यावर नामाजीने पोराबाळांची खुशाली सांगितली आणि फोन ठेवला.

गुरुवारी उकंडराव सकाळच्या जीपने गेले. त्या दिवशी मंजुळाबाईंनी घर दोनदा झाडलं. भाकरी केली, ती करपली. दुसरी केली, तीही करपली. अंगणात कुणाची पावलं वाजली की त्या दाराशी जात. दिवस कलताना नवरा दारात उभा राहिला, तेव्हा त्यांनी आधी चेहरा पाहिला, मग हात. हातात कागद नव्हता. काखेत एक खोकं होतं.

"हेडमास्तर ट्रेनिंगला गेलाय. शनवारी या म्हने." उकंडरावांनी खोकं बाजेवर ठेवलं. "येताना हिंगोलीहून आलो. हे बघ."

खोक्यात पांढरे, नाडीचे बूट होते. ग्रीसच्या त्या देवळाला लई पायऱ्या, चपलेवर घसरशील, असं कंपनीच्या माणसाने सांगितलं होतं म्हणे. मंजुळाबाईंना हसूही येईना आणि नाहीही म्हणवेना. त्या पायरीवर बसल्या आणि पाय आत घातले. नाडी काही जमेना. तेव्हा उकंडराव सरळ खाली जमिनीवर बसले आणि त्यांनी तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला.

"अवं, काय करून राहिलेत! कोनी बघंल ना."

"बघू दे. दुकानात दिवसभर पोत्याच्या सुतळ्या बांधतो, ह्यात काय?"

सोप्यातला उजेड जाऊन दिवेलागण होत होती. उकंडरावांची मान खाली होती, डोक्यावरचे विरळ झालेले केस दिसत होते, आणि ते नाडीची गाठ दोनदा सोडून तिसऱ्यांदा नीट बांधत होते. मंजुळाबाईंना ते सहन होईना. शनिवारी हाच माणूस सरकारी कागदावर ते वाचणार, परक्या हेडमास्तरापुढे, उभ्या उभ्या. त्यापेक्षा आपल्या तोंडून ऐकलेलं बरं.

"शनवारी जाऊ नका," त्या म्हणाल्या. "त्या दाखल्यावर माह्या लग्नाचं लिवलेलं हाय."

"असू दे की. लपवायचंय का लगीन?"

"तुमच्या संगं झालं ते न्हाई. त्याच्या आदी झालं ते."

नाडीवरची बोटं थांबली. मंजुळाबाई बोलत राहिल्या. आपण थांबलो तर पुन्हा जमणार नाही हे त्यांना कळत होतं. मांडव, तीन दिवस, श्रावण, डोंगरकडा, सगळं सांगून झालं. पाय अजून उकंडरावांच्या मांडीवरच होता. तो काढून घ्यावा की नाही, तेही त्यांना सुचेना.

"कुठला व्हता?" उकंडरावांनी विचारलं.

"रिसोडकडचा."

"गेला कशानं?"

"तापानं."

"तू बघितलं व्हतं त्याला?"

"अंतरपाटाच्या खालून पाय दिसले व्हते. मंग वर बघायचं धाडस झालं न्हाई. तीन दिवसांत येकदा बघितलं, ताटावर वाकला व्हता तव्हा."

उकंडरावांनी तिचा पाय दोन्ही हातांनी उचलून पायरीवर ठेवला. मग ते उठले. "दुकान उघडं टाकून आलोय," ते म्हणाले. दुकान बंद करूनच ते गावाला गेले होते, हे दोघांनाही ठाऊक होतं. मंजुळाबाई एका पायात बांधलेला आणि एका पायात सुटा बूट घालून तशाच बसून राहिल्या.

शुक्रवारभर घरात भांड्यांचेच तेवढे आवाज. नकाशा कुणीतरी घडी घालून कोनाड्यात ठेवला होता, आणि घडी चुकीची पडली होती. उकंडराव जेवले, पण पानाकडेच बघत. हात धुताना एकदाच बोलले.

"माही माय मरताना तुह्याच हातचं पानी पिऊन गेली."

"माह्याच हातचं," मंजुळाबाई म्हणाल्या. "तीन वर्सं त्यायचं हागणं-मुतणं काढलं, तेबी ह्याच हातानं."

उकंडरावांनी पंच्याला हात पुसले आणि ते बाहेर पडले. इतकी वर्षं मंजुळाबाईंनी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता.

शनिवारी ते न सांगता पहिल्या जीपने निघून गेले. म्हणजे खात्री करून घ्यायला गेले, असं बाईंनी मनाशी धरलं. त्यांनी पेटी उघडली आणि चार लुगडी बाहेर काढून ठेवली. नामाजीला फोन लावावा म्हणून फोनपाशी गेल्या आणि परत आल्या. सत्तेचाळिसाव्या वर्षी भावाच्या दारात जाऊन काय सांगायचं? आपल्या लग्न झालेल्या मुलीच्या सासरी कळलं तर तिचं काय? त्या लुगड्यांशेजारीच भिंतीला टेकून बसल्या आणि जिभेवर येतील तेवढ्या देवांची नावं घेत राहिल्या.

दुपारी उकंडराव आले. लुगड्यांकडे त्यांचं लक्ष गेलं. पाणी मागितलं, तांब्या रिकामा केला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून तिच्यापुढे धरला.

"वाच."

"तुमीच वाचा."

"तू वाच. चौथी शिकलेली हायस."

मंजुळाबाईंनी कागद उघडला. अक्षरं आधी नुसतीच हलत होती. मग त्यांना आपलं माहेरचं नाव दिसलं: चंद्रभागा ग्यानोजी. जन्मतारीख एक जून. शाळा सोडल्याची तारीख त्यांना आठवत होती तीच, मे महिना, साल एकोणसत्तर. त्याच्यापुढचा रकाना: शाळा सोडण्याचे कारण. सतत गैरहजर.

त्यांनी पुन्हा वाचलं. मग कागद उलटून मागची बाजू पाहिली. मागे काही नव्हतं.

"बा तर लगीन म्हनला व्हता. म्या आयकलं ना."

"बा म्हनला आसंल. गुरुजीनं लिवलं न्हाई." उकंडराव बाजेवर टेकले. "हेडमास्तरनं मूळ रजिस्टर दाखवलं. तेवढ्या लहान पोरीचं लगीन म्हंजी गुन्हा. लिवलं तर बापाला तकलीफ आन् गुरुजीचीबी चौकशी. म्हनून तसं कोन्ही लिवतच नव्हतं. पानभर पोरी हायेत, दहा-अकरा वर्सांच्या. समद्या गैरहजर."

मंजुळाबाई खालीच बसल्या. छत्तीस वर्षं त्या ज्या ओळीला भ्यायल्या, ती कुणी लिहिलीच नव्हती. गप्प राहिल्या असत्या तर आज हा माणूस हसत घरी आला असता, आणि दोघं जोडीने विमानात बसून समुद्र पाहायला गेले असते. त्यांना स्वतःचा राग आला, मेलेल्या बापाचा आला, त्या गुरुजींचाही आला.

"म्हंजी म्या उगाच सांगितलं," त्या म्हणाल्या.

उकंडरावांनी खिशातून शिवप्रसादने दिलेला कच्चा कागद काढला. घरून भरून आणा, मी इंग्रजीत उतरवतो, असं तो म्हणाला होता. कागद त्यांनी मांडीवरच्या पेपरावर ठेवला, चष्मा लावला आणि पेनाचं टोपण दातांनी काढलं.

"नाव, मंजुळा उकंडराव," ते लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागले. "लग्नाआदीचं नाव, चंद्रभागा ग्यानोजी." मग त्यांचं बोट पुढच्या ओळीवर थांबलं. "याशिवाय कधी दुसरे नाव असल्यास."

पेन कागदाला न टेकता वर राहिलं.

"तिथं काय नाव ठिवलं व्हतं तुहं?"

मंजुळाबाईंनी वर पाहिलं. नवरीचं नाव बदलायची रीत सगळ्यांची एकच: ताटात तांदूळ पसरायचे आणि नवरदेवाने अंगठीने त्यात नवं नाव काढायचं. 'मंजुळा' हे नाव उकंडरावांनी असंच काढलं होतं, ऐटीत, एका दमात. त्या आधीच्या मुलाला तसं जमलं नव्हतं. पहिली दोन अक्षरं काढून त्याने ती हाताने पुसली, आईकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घालून पुन्हा काढली. त्याची अंगठी बोटात सैल होती. तीन दिवस त्या नावाने तिला हाका मारल्या गेल्या. मारणारी माणसं एकेक करून गेली. आता ते नाव कुठल्याही रजिस्टरात नव्हतं आणि जगात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

त्यांना वाटलं होतं, विचारलं की आपण सांगून टाकू. एवढं सांगितलं, त्यात ते काय. पण तोंड उघडलं तर भलतंच बाहेर आलं.

"ते न्हाई सांगनार."

"काहून?"

"ते त्या लेकराचं हाय."

उकंडराव चष्म्यावरून बघत राहिले. मंजुळाबाईंनी नजर खाली घेतली नाही. भीती वाटेल म्हणून त्यांनी वाट पाहिली, आणि ती वाटली नाही. बाहेर रस्त्यावर सेनगावची जीप हॉर्न देत माणसं गोळा करत होती. ती भरून निघून गेली.

मग उकंडरावांनी त्या ओळीवर एक आडवी रेघ मारली आणि पुढच्या ओळीवर आले.

"शरीरावरची ओळखीची खूण."

मंजुळाबाई आठवू लागल्या. विळीने कापलेलं बोट होतं, पण तो व्रण आता दिसेनासा झाला होता. गुडघ्यावर एक डाग होता. तो सांगावा का, असा त्या विचार करत होत्या, तोवर उकंडरावांनी मान खाली घालून लिहायला सुरुवातही केली होती. लिहून झाल्यावर सवयीने त्यांनी ते मोठ्याने वाचलं.

"उजव्या कानामागं तीळ."

मंजुळाबाईंनी हात कानामागे नेला आणि बोटांनी चाचपून पाहिलं. तिथे तीळ आहे, हे त्यांना आजवर माहीतच नव्हतं.